जीआय बिल कम्युनिटी कॉलेजात वापरावं का, आणि ते व्हेटरन्स ऑफिस कुणासाठी असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. करून तुम्ही स्टुडंट व्हिसावर अमेरिकेत आलात. 2014 साली मावनी योजनेतून आर्मीत भरती झालात, सहा वर्षं पुरवठा विभागात काढलीत, मध्ये एकदा कुवेतला जाऊन आलात आणि 2020 मध्ये सन्मानाने बाहेर पडलात. आता कॅलिफोर्नियात फ्रीमाँटजवळ राहता, वय 36, पत्नी नोकरी करते, मुलगी पहिलीत आहे. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंग करायचं, आणि त्यासाठी जीआय बिल, म्हणजे माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारी सरकारी मदत, वापरायचं मनात आहे. मित्र म्हणतो, "जीआय बिल तिथे फुकट घालवू नकोस. तिथे पेल ग्रँट घे आणि जीआय बिल युनिव्हर्सिटीसाठी नाहीतर मुलीसाठी ठेव." कुवेतपासून कानात शिट्टी वाजते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: कॉलेजात व्हेटरन्सचं (माजी सैनिकांचं) ऑफिस आहे, पण मी काही लढलो नाही, गोदाम सांभाळलं, तिथे जाऊन मदत मागणं बरं वाटत नाही.

(मावनी माहीत नसणाऱ्यांसाठी: 2009 ते 2016 या काळात, ग्रीन कार्ड नसलेल्या पण कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या काही लोकांना सैन्यात घेणारी ही योजना होती. डॉक्टर-नर्स आणि हिंदीसारख्या ठरावीक भाषा जाणणारे त्यात बसायचे. आपल्याकडची बरीच मुलं त्यातून गेली आणि सैन्यात असतानाच नागरिक झाली.)

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, अशाच ऑफिसात, बरीच वर्षं काम करते. सैन्यात मी स्वतः कधी नव्हते. तुम्ही पैशाचं आधी विचारलंय आणि संकोचाचं शेवटी. मी उलट क्रमाने घेते, कारण ते ऑफिस टाळलंत तर पैशाचं उत्तर बरोबर असूनही ऐन वेळी गणित बिघडतं.

तुमच्या डीडी-214 वर (सैन्यातून बाहेर पडताना मिळालेल्या सेवेच्या कागदावर) गोळी झाडली की नाही, असा रकाना नसतो. किती काळ सक्रिय सेवा झाली आणि डिस्चार्ज कोणत्या प्रकारचा, एवढंच पाहिलं जातं. आमच्याकडे येणाऱ्यांत स्वयंपाकी असतात, मेकॅनिक असतात, कारकून असतात. गंमत म्हणजे सगळ्यात उशिरा दारात येतात ते हेच, "माझ्यापेक्षा जास्त गरज असलेल्या कुणाला तरी द्या" म्हणणारे. इथे रेशन संपत नाही हो. तुम्ही घेतलंत म्हणून दुसऱ्या कुणाचं कमी होत नाही. आपल्याकडे साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना कुणी माजी सुभेदार संकोचतो का? तो हक्काने फाईल काखेत मारून जातो. तसंच जायचं.

जाणं भाग का, तर तुम्ही कॉलेजात आहात हे व्हीएला (माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याला) आपोआप कळत नाही. कॉलेजातला सर्टिफायिंग ऑफिशियल नावाचा माणूस दर सत्राला तुमचे विषय, युनिट (श्रेयांक) आणि तारखा व्हीएला कळवतो, त्यानंतरच फी आणि घरभाड्याचे पैसे सुटतात. हा माणूस बहुतेक ठिकाणी त्याच व्हेटरन्स ऑफिसात बसतो. म्हणजे प्रश्न मदत घ्यायची की नाही असा नाहीच. एरवीही त्याच्याकडे जावंच लागणार आहे, मग विषय निवडायच्या आधी जा.

आता मित्राचा सल्ला. तो वाईट नाही. इथे जन्मलेल्या, बारावीनंतर थेट भरती झालेल्या पोराला मीही कधीकधी तसंच सांगते. तुमच्या बाबतीत मात्र त्यात तीन ठिकाणी गळती आहे.

पहिली गळती पेल ग्रँटची. ही केंद्र सरकारची मदत ज्यांच्याकडे बॅचलर्स पदवी नाही अशांसाठी आहे, आणि परदेशातली पदवीसुद्धा पदवीच धरली जाते. आपल्या लोकांची इथे नेहमी फसगत होते, कारण फाफ्साच्या (सरकारी शिक्षण-मदतीच्या) अर्जात जुन्या शिक्षणाबद्दल विचारलं की "ती भारतातली, ती कशाला मोजतील" असं वाटतं. खरं ते लिहा. तुमच्या बाबतीत एक बारीक फट आहे: तीन वर्षांची भारतीय पदवी अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची नाही असं अधिकृत मूल्यमापनात निघालं, तर कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस तुम्हाला पात्र धरू शकतं. मूल्यमापन करणाऱ्या संस्थांचे निष्कर्ष सगळ्या विद्यापीठांबाबत सारखे नसतात, आणि अंतिम निर्णय त्या ऑफिसचा. तेव्हा कागद घेऊन जा, विचारा, उत्तर लेखी घ्या. पेल मिळेलच असं धरून घरचा हिशेब मांडू नका. जीआय बिलाला मात्र तुमच्या जुन्या पदवीशी काही देणंघेणं नाही. पदवी असो वा नसो, हक्क पूर्ण.

दुसरी गळती मुलीसाठी राखून ठेवण्याची. पोस्ट-9/11 जीआय बिल मुलाबाळांच्या नावावर करता येतं, पण ते सेवेत असतानाच, आणि साधारणपणे सहा वर्षं झाल्यावर आणखी चार वर्षं राहायची हमी देऊन. तुम्ही बाहेर पडलात, तो दरवाजा बंद झाला. मुलीसाठी दुसरी वाट आहे, तिच्याकडे खाली येते.

तिसरी गळती "फुकट घालवणं" या कल्पनेत आहे. जीआय बिल डॉलरमध्ये नसतं, महिन्यांत असतं. 36 महिने. सहा वर्षांच्या सेवेमुळे तुमचा हक्क 100 टक्के. 1 जानेवारी 2013 नंतर डिस्चार्ज झालेल्यांना 2017 च्या कायद्याने मुदतीची अटही राहिलेली नाही, त्यामुळे घाईही नाही. मग एक महिना खर्च केल्यावर हातात काय पडतं ते बघा. कॅलिफोर्नियात रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला 46 डॉलर. वर्षाचे 30 युनिट धरले तर 1380 डॉलर. एवढ्या फीसाठी खरंच कुणी जीआय बिल खर्च करू नये. पण फीबरोबर दरमहा घरभाडं येतं, आणि ते कॉलेज ज्या पिनकोडात आहे तिथल्या, कुटुंब असलेल्या ई-5 हुद्द्याच्या सैनिकाच्या भत्त्याएवढं असतं. बे एरियात, म्हणजे तुमच्या फ्रीमाँटच्या परिसरात, एका महिन्याचं हे भाडं कॉलेजच्या अख्ख्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त भरतं. नेमका आकडा व्हीएच्या साइटवर जीआय बिल कम्पॅरिझन टूलमध्ये कॉलेजचं नाव टाकलं की दिसतो. कॉलेज लहान की मोठं, याने त्यात फरक पडत नाही. शिवाय पुस्तकांसाठी वर्षाला 1000 डॉलरपर्यंत.

म्हणजे खरा प्रश्न असा आहे: पुढची तीन वर्षं घरात हे भाडं येण्याची गरज आहे का? पत्नीच्या पगारावर घर आरामात चालत असेल, तर कॉलेज प्रॉमिस ग्रँटने फी माफ होते का ते पाहा (कॅलिफोर्नियाची ही सवलत आधीची पदवी असलेल्यांनाही मिळू शकते, मात्र उत्पन्नाची अट आहे) आणि महिने वाचवा. गरज असेल तर बिनदिक्कत वापरा. संध्याकाळी गोदामात पाळी, रात्री अ‍ॅनॅटॉमी, असं करून महिने वाचवणारे मी पाहिलेत. त्यातले बरेच दुसऱ्या सत्रात फिजिऑलॉजीला गळतात, आणि नर्सिंगच्या प्रवेशात तो शेरा पुसला जात नाही.

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम आहे, आणि ते तुमच्या कानातल्या शिट्टीचं. ती तुम्ही "त्याचं काय एवढं" म्हणून सोडून दिलीत. जनरेटर, ट्रक, विमानतळ यांच्या आवाजात वर्षं काढलेल्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे आणि व्हीए त्याची दखल घेतं. मान्य झालं तर साधारण 10 टक्के डिसॅबिलिटी. पैसे फार नाहीत, पण त्या 10 टक्क्यांनी दोन दरवाजे उघडतात.

एक, चॅप्टर 31, म्हणजे व्हेटरन रेडिनेस अँड एम्प्लॉयमेंट, डिसॅबिलिटी असलेल्या माजी सैनिकांना नोकरीसाठी तयार करणारी व्हीएची योजना. किमान 10 टक्के असतील तर अर्ज करता येतो. मंजूर झाल्यास फी, पुस्तकं, गणवेश, स्टेथोस्कोप हे सगळं तेच देतात, आणि जीआय बिलाचा निदान एक दिवस शिल्लक असेल तर भत्ता जीआय बिलाच्या दराने घेता येतो. महत्त्वाचं म्हणजे 1 एप्रिल 2021 पासून इथे वापरलेले महिने जीआय बिलातून कापले जात नाहीत. उलट क्रमाने गेलात, आधी जीआय बिल आणि मग हे, तर ते महिने यातून वजा होतात. म्हणून क्रमाला इतकं महत्त्व. अडचणही सांगते: ही योजना हक्काने मिळत नाही, एक समुपदेशक ठरवतो. "तुमच्याकडे बी.एस्सी. आहे, गोदाम व्यवस्थापनाचा अनुभव आहे, नोकरी मिळू शकते की" असं तो म्हणू शकतो. तेव्हा कानाचा त्रास सध्याच्या कामात कसा आडवा येतो आणि नर्सिंगच का, याचं नीट उत्तर तयार ठेवावं लागतं. मावनीवाल्यांत दोन्ही प्रकारचे निकाल मी पाहिलेत.

दोन, मुलगी. सेवेमुळे आलेली डिसॅबिलिटी असलेल्या व्हेटरनच्या मुलांना कॅलिफोर्नियाच्या सरकारी कॉलेजांत, यूसी आणि सीएसयू या राज्याच्या विद्यापीठांतसुद्धा, कॅलव्हेटच्या (राज्याच्या माजी सैनिक खात्याच्या) सवलतीत शिक्षण फी माफ होऊ शकते. उत्पन्नाची अट आहे आणि ती मर्यादा बदलत असते, पण मुलगी पहिलीत आहे, तेव्हा कागद वेळेवर करणं तुमच्या हातात आहे. मुलीसाठी काही ठेवायचं असेल तर ते हे.

दावा स्वतः भरत बसू नका आणि पैसे घेऊन भरून देणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका. पहिल्या दाव्यासाठी फी घेणं बेकायदा आहे. काऊंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर हे काम फुकट करतो, डीएव्ही आणि अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधीही करतात. निकालाला महिने लागतात, तोवर कॉलेज थांबवायची गरज नाही.

आता खड्ड्यांकडे येते. दर सत्रात कुणी ना कुणी यात पडतोच.

सहा युनिटचा खड्डा सगळ्यात खोल. नेहमीच्या सत्रात 12 युनिट म्हणजे पूर्णवेळ. घरभाडं मिळायला निम्म्यापेक्षा जास्त युनिट लागतात. सहा म्हणजे बरोबर निम्मे, म्हणून भाडं शून्य, आणि महिने मात्र त्या प्रमाणात कापले जातात. सात घेतले की भाडं सुरू. नर्सिंगच्या आधीचे प्रयोगशाळेचे विषय बहुधा चार-पाच युनिटचे असतात, त्यामुळे जोड्या जुळवताना हे बघून घ्या. दुसरं, सगळे वर्ग ऑनलाइन घेतलेत तर भाडं राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्यावर येतं. बे एरियात हा फरक प्रचंड आहे. एक तरी वर्ग प्रत्यक्ष कॉलेजात असू द्या. तिसरं, भाडं मागच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात येतं आणि सत्रांमधल्या सुट्टीचं येतच नाही. डिसेंबर-जानेवारीत घरमालकाला काय द्यायचं, हे ऑगस्टमध्येच बाजूला काढा. दर महिन्याला व्हीएचा मेसेज येतो, "अजून शिकताय ना?" त्याला उत्तर द्यायचं. लागोपाठ दोनदा राहिलं की पैसे थांबतात.

विषय सोडायचा झाला तर आधी आमच्याकडे या, मग पोर्टलवर बटण दाबा. सोडलेल्या विषयाचे पैसे परत मागितले जातात. पहिल्या वेळी सहा युनिटपर्यंत सवलत असते, नंतर आजारपण, नोकरीतला बदल अशी कारणं दाखवावी लागतात. व्हीएचे पैसे उशिरा आले म्हणून कॉलेज दंड लावू शकत नाही की वर्गातून काढू शकत नाही, तो 2018 चा कायदा आहे, तेवढं निश्चिंत राहा.

नर्सिंगची खास गुंतागुंत म्हणजे व्हीए फक्त तुमच्या ठरलेल्या पदवीत बसणाऱ्या विषयांचे पैसे देतं. पण नर्सिंगला प्रवेश मिळण्याआधी अ‍ॅनॅटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी करावं लागतं, आणि तेव्हा तुम्ही अजून नर्सिंगचे विद्यार्थी नसता. काही कॉलेजांत "प्री-नर्सिंग" अशी मान्य पदवीच नसते. मग समुपदेशक एखादी जवळची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी धरून एज्युकेशन प्लॅन बनवतो, ज्यात हे सगळे विषय बसतील. हा प्लॅन कागदावर नसेल तर मी काहीही सर्टिफाय करू शकत नाही, मग तुम्ही कितीही हुशार असा. व्हेटरन्सच्या फाईली हाताळणाऱ्या समुपदेशकाकडेच वेळ घ्या, कुठल्याही मोकळ्या खिडकीवर नको.

इथे तुमची बी.एस्सी. दोन्ही बाजूंनी चालते. जुनं सगळं शिक्षण कॉलेजने तपासावं अशी व्हीएची अट आहे. काही सामान्य विषय माफ झाले तर महिने वाचतील, आणि माफ झालेला विषय पुन्हा घ्यायला व्हीए पैसे देणार नाही. मात्र बरेच नर्सिंग विभाग विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने स्वीकारत नाहीत. तुमची बी.एस्सी. त्याहून जुनी. कॉलेजचा नियम लेखी असेल तर तो आणून सर्टिफायिंग ऑफिशियलला दाखवा, नियमावर बोट ठेवता आलं की त्याचं काम सोपं होतं. आर्मीचा जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्टही (सैन्यातल्या प्रशिक्षणाचा उतारा) पाठवा. पुरवठा विभागाचे युनिट नर्सिंगमध्ये फारसे उपयोगी पडत नाहीत, पण बेसिक ट्रेनिंगवर शारीरिक शिक्षणाचे युनिट कित्येक कॉलेजं देतात.

प्रवेशाला गर्दी आहे. काही कॉलेजं चिठ्ठ्या टाकतात, काही गुणांकन करतात. गुणांकनाबद्दल कॅलिफोर्नियाचा जो कायदा आहे, त्यातल्या निकषांत आधीची पदवी आणि व्हेटरन असणं या दोन्हींचा उल्लेख आहे. म्हणजे जे "गोदाम सांभाळलं" म्हणून तुम्ही लपवताय, त्याला इथे गुण असू शकतात. अर्ज करायची कॉलेजं निवडताना कोण गुणांकन करतं ते पाहा.

हिशेब मांडून पाहू. आधीचे विषय एक वर्ष, नर्सिंग दोन वर्षं. दोन सेमिस्टरचं वर्ष साधारण नऊ महिने खातं, म्हणजे 27 गेले, नऊ उरले. असोसिएट पदवीवर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा देऊन आरएन (नोंदणीकृत नर्स) होता येतं, आणि उरलेल्या नऊ महिन्यांत नोकरी करत आरएन-ते-बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स पदवी) बरंचसं उरकतं. ते ऑनलाइन असतं तेव्हा भाडं कमी, पण तोवर पगार सुरू झालेला असेल. चॅप्टर 31 मिळालं तर हे सगळं बाजूला, 36 च्या 36 शाबूत. मग मास्टर्सचाही विचार करता येतो.

बाकी सोयींचं थोडक्यात. कानात शिट्टी असताना गजबजलेल्या खोलीत परीक्षा देणं जड जातं. डीएसपीएस नावाचा विभाग शांत खोली आणि जादा वेळ देऊ शकतो, आणि त्यासाठी व्हीएच्या टक्केवारीची वाट पाहावी लागत नाही, डॉक्टरचा कागद बहुधा चालतो. पाऊणवेळ किंवा जास्त युनिट असतील तर व्हीए वर्क-स्टडीत याच ऑफिसात काम करून किमान वेतन मिळतं, करमुक्त. नव्या येणाऱ्यांचे फॉर्म भरून घेणारी मुलं आमच्याकडे अशीच असतात, आणि खरं सांगू, नियम त्यांना माझ्याइतकेच पाठ असतात. खोलीत सोफा, कॉफी, प्रिंटर, उसनी पुस्तकं असतात. तुमच्या वयाचे, मुलांना शाळेतून आणायला तीन वाजता पळणारे लोक तिथेच भेटतात. अठरा वर्षांच्या मुलांमध्ये बसायची धास्ती वाटत असेल, तर ती बहुतेकांची त्या सोफ्यावरच कमी होते. झोप उडाली, मन फार खाली गेलं, तर 988 फिरवून 1 दाबा. तिथेही लढलात का, असं कुणी विचारत नाही.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात काऊंटीच्या ऑफिसरकडे कानाचा दावा, त्याच सुमारास व्हीएच्या साइटवर जीआय बिलाचा अर्ज (नुसत्या अर्जाने महिने खर्च होत नाहीत, फक्त पात्रतेचं पत्र येतं), मग फाफ्सा, मग डीडी-214 घेऊन व्हेटरन्स ऑफिस, एज्युकेशन प्लॅन, आणि त्यानंतरच विषयांची नोंदणी. दाव्याचा निकाल आला की चॅप्टर 31 चा अर्ज. तोवर जीआय बिलावर एखादं सत्र झालं असेल तर ते महिने परत मिळवण्याची तरतूद आहे, पण खात्रीची नाही, म्हणून पहिलं सत्र प्रॉमिस ग्रँटवर निभावता आलं तर उत्तम.

आणि मुंबई विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टचा अर्ज आजच टाका. मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला तो विद्यापीठाकडूनच हवा असतो, घरच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स चालत नाहीत. मुंबईत कुणी भाऊ-मेहुणा असेल तर त्याला पाठपुराव्याला लावा. वर सांगितलेल्या सगळ्या कागदांत सगळ्यात जास्त वेळ याच एकाला लागतो.